गार गाडीतली फुस्स

सकाळी ६.४५
गॅरेजचं शटर अर्धं वर. भवानीनगरात जानेवारीची थंडी आहे आणि थंडीत मळीचा वास जमिनीलगत बसतो. रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर, एकामागं दोन-दोन ट्रेलर, टेपवर गाणी, तोंडं छत्रपती कारखान्याकडं. मिस्त्री खराट्यानं पुढची जागा झाडतात. पोरगा पान्यांची पेटी बाहेर ओढतो. वय विशीचं, हजेरी ३५० रुपये. मला जुन्या टायरवर बसवलंय. अट एकच, कशाला हात लावायचा नाही.

आत एक पांढरी कार. एमएच-४२, २०१२ चं मॉडेल, पेट्रोलची, मागाहून गॅसकिट बसवलेलं. काचेवर खडूनं लिहिलंय, ‘चालू करू नये’. काल संध्याकाळी आली. दहा-पंधरा किलोमीटर गेलं की तापमानाचा काटा चढतो, रेडिएटरच्या बाटलीतनं पाणी उसळतं, गळती मात्र कुठंच नाही. दुसरीकडं वॉटर पंप बदलून झालाय. २८०० गेले, काटा चढतोय तो चढतोयच.

७.०५
“आता गप्प ऐका.” मिस्त्री रेडिएटरच्या झाकणावर फडकं टाकतात, तळव्यानं दाबतात आणि थोडंसं फिरवतात.

फुस्स.

लहानसाच आवाज. सायकलच्या व्हॉल्वमधनं सुटावा तेवढा. मिस्त्री पोराकडं बघतात, पोरगा मान हलवतो. मी दोघांकडं बघतो.

गाडी तापली की पाणी फुगतं, दाब येतो. तो यायलाच पाहिजे, त्यासाठीच झाकणाला स्प्रिंग असते. दाबाखाली पाणी शंभराच्या वर गेलं तरी उकळत नाही. पण गाडी गार झाली की वाफेचं पाणी होतं, पाणी आकसतं, दाब उतरतो. उलट बाटलीतलं पाणी आत ओढलं जातं. “बारा तास झाले. इंजिन बर्फ आहे. मग ही फुस्स कशाची? वाफ असती तर रात्रीत मेली असती. हा सिलिंडरमधला धूर आहे.”

रात्रभर थांबायचं कारण एवढंच होतं.

७.२०
झाकण परत घट्ट. पोरगा सेल मारतो. मिस्त्रींचा डावा हात वरच्या होज पाइपवर, माझी नजर घड्याळावर. चाळीस सेकंद. “आता लावा हात.” अट मोडायला परवानगी मिळाली. पाइप गार आहे आणि सायकलच्या टायरसारखा टणक. तापून टणक झाला असता तर कुणी काही म्हटलं नसतं. “बंद कर रे.”

८.१०
चहा, दहा रुपये कप. तेवढ्यात एक ट्रॅक्टर रेडिएटरच्या पाइपची क्लिप तुटून आला. पंधरा मिनिटांत नवी क्लिप, दीडशे रुपये, ड्रायव्हरनं मोबाइलवर दिले. आजची भवानी हीच. पांढऱ्या गाडीवर कालपासून दोन तास गेलेत, त्यांचा अजून रुपया नाही.

९.००
गाडीचे मालक दुधाच्या टेम्पोतून उतरतात. सगळे त्यांना आबा म्हणतात.

“सापडलं का रं?”

“सापडत आलंय आबा. बसा.”

“झाकण बदलून बघ की. दोनशेचं काम.”

मिस्त्री हसत नाहीत. हे बरोबरच आहे, म्हणतात. स्वस्तातलं आधी. या झाकणावर दाबाचा आकडा लिहिलाय, ०.९ बार. स्प्रिंग मेली की दाब धरत नाही आणि पाणी लवकर उकळतं. पण इथं झाकण धरतंय, रात्रभर धरून बसलं होतं.

९.२०
आता यंत्र. बाजारात तपासणीचा पंप मिळतो, तो यांच्याकडं नाही. एका जुन्या झाकणाला भोक पाडून त्यात ट्यूबचा व्हॉल्व बसवलाय. त्याला पायपंप. गेजवर १३ पौंड येईपर्यंत पोरगा पाय मारतो. तेच ०.९. मग थांबायचं. पायपंपापेक्षा हे थांबणंच अवघड काम आहे. आबा दोनदा उठतात, परत बसतात. मिस्त्री टॉर्च घेऊन पाइप, पंप, रेडिएटरचे सांधे, डॅशबोर्डाखालची चटई बघतात. सगळं कोरडं. पंचवीस मिनिटांत काटा ९ वर.

“पाणी बाहेर नाही आलं. मग आत गेलं.”

१०.००
चारही प्लग काढून जुन्या वर्तमानपत्रावर ओळीनं मांडले. तीन तपकिरी, काजळी धरलेले. तिसऱ्या सिलिंडरचा धुतल्यासारखा पांढरा. इग्निशनची वायर सोडवून पोरगा सेल मारतो आणि तिसऱ्या भोकातनं बारीक फवारा उडतो. आबांच्या धोतरावर थेंब येतात.

आबा थेंबाकडं बघत राहतात. “हेड पॅकिंग.” हे त्यांनीच म्हटलं. सिलिंडर आणि पाणी वेगळं ठेवणारं पॅकिंग.

गेजकाडी काढून तेल बघितलं. दुधाळ नाही, म्हणजे तेलात पाणी गेलेलं नाही. तेवढं बचावलं.

१०.४५
वहीचं मागचं पान. पॅकिंग सेट १४५०, हेड फेसिंग ९००, थर्मोस्टॅट ५५०, रेडिएटर सफाई ७००, कूलंट ३५०, बॅटरीच्या पाण्याचा कॅन १००, तेल-फिल्टर १६००, मजुरी ३५००. एकूण ९१५०.

“रेडिएटर कशाला?”

मिस्त्री रेडिएटरच्या तोंडात बोट घालून बाहेर काढतात. बोटावर पांढरट चुना. आबा शेतातल्या बोअरचं पाणी घालतात, फुकटचं. त्या पाण्यानं ठिबकच्या नळ्या जशा बुजतात तसाच रेडिएटर बुजला. पुढच्या जाळीत पाचटाचा भुगा अडकलाय तो वेगळा. गाडी तापत राहिली, हेड वाकलं, पॅकिंग पोळलं. नुसतं पॅकिंग टाकलं तर उन्हाळ्यात गाडी परत इथंच.

“आन् सकाळपासून बघितलंस, त्याचं?”

“बघायचे नाही लावले आबा.”

आबा चार हजार मोजून देतात. बाकीचे ऊस तुटल्यावर. त्यांच्या फडात टोळी अजून यायचीय.

दुपारी १.३०
भाकरी, वांग्याची भाजी, ठेचा. पोरगा थर्मोस्टॅट चहाच्या पातेल्यात उकळत ठेवून जेवतोय. तो ८२ अंशांना उघडायला हवा; इथं थर्मामीटर नाही, पण पाणी खदखदायच्या आत तोंड पूर्ण उघडायला हवं, हा हिशेब. पाणी खदखदलं. तोंड करंगळीच्या नखाएवढं उघडलं. मी विचारलं, यात परत चहा करता का? उत्तर मिळालं नाही.

३.००
हेड उतरलं. बोल्ट बाहेरून आत, थोडे थोडे करून ढिले केले; एकदम सोडले तर हेड आणखी वाकतं. दोघांनी उचलून बाकावर ठेवलं. पॅकिंगवर तिसऱ्या सिलिंडरच्या कडेपासून पाण्याच्या भोकापर्यंत काळा ओरखडा, काडेपेटीतल्या काडीएवढा. पेटलेला गॅस इथनं पाण्यात शिरत होता. इंजिन बंद झालं की त्याच वाटेनं पाणी सिलिंडरात. हेडवर पोलादी पट्टी उभी धरून मिस्त्री फीलर गेजची ०.१५ मिमीची पात सरकवतात. सहज जाते. ०.०५ ची अडकत जायला हवी होती.

“फोटो काढा आबांसाठी,” मला म्हणतात. “उद्या मजुरीवरनं वाद नको.”

४.३०
हेड पोत्यात गुंडाळून मोटरसायकलवर. पोरगा बारामतीला लेथवाल्याकडं निघाला. शंभरचं पेट्रोल. ते आबांच्या हिशेबात लिहिलेलं नाही.

मिस्त्री रेडिएटर उलटा करून पाण्याची नळी लावतात. पहिलं पाणी ताकासारखं. तासाभरात दोन दुचाकींचं ऑइल बदललं, दोनशे मजुरी.

संध्याकाळी ७.१५
पोरगा परतला. लेथवाल्याकडं साखर कारखान्यांचं काम लागलंय, हेड उद्या दुपारनंतर. रॉकेल आणि निरम्यानं तो हात धुतो. ३५० खिशात.

एक जीप येऊन थांबते. ड्रायव्हर बोनेट उघडतो, वाफ. झाकणाकडं हात जातो तसे मिस्त्री ओरडतात, “हात लावू नको!”

मग खिशातनं खडू काढतात.