‘इतर अधिकार’चा रकाना

केळव्याचा किनारा या आठवड्यात घ्यायचा होता, तो पुढे ढकलतो आहे. बोईसरहून एका शिक्षिकाबाईंचं पत्र आलं आणि त्यांच्या प्रश्नाने मला केळव्यापर्यंत जाऊच दिलं नाही. त्या लिहितात: आमच्या सोसायटीच्या तीन बाजूंना इमारती उठल्या, चौथ्या बाजूला मात्र भाताची खाचरं, ताडाची झाडं आणि एक कुडाचं घर तसंच आहे. जमिनीला एवढा भाव आला तरी ते लोक विकत कसे नाहीत?

बाई, उत्तर बहुधा सातबाऱ्यावर सापडेल. गाव नमुना सातमध्ये ‘इतर अधिकार’ नावाचा एक रकाना असतो. लोक नाव आणि क्षेत्र बघतात आणि कागद घडी घालून ठेवतात. मी मात्र सातबारा हातात आला की आधी त्या रकान्याकडे जातो. जमीन आदिवासी खातेदाराची असेल, तर ती कलम ३६ आणि ३६अ च्या अधीन असल्याची नोंद तिथे बहुतेक वेळा दिसते. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ मधलं हे ३६अ सांगतं की, ६ जुलै १९७४ नंतर आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला परवानगीवाचून देता येत नाही. पाच वर्षांपर्यंतचा भाडेपट्टा किंवा गहाण असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी पुरते. विक्रीसाठी राज्य सरकारची पूर्वमान्यताही लागते. त्याच सुमारास दुसरा कायदा झाला. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात हातातून गेलेल्या जमिनी आदिवासींना परत मिळवून देण्याची वाट त्याने उघडली.

एवढी बंधनं कशाला, असं शहरातून आलेल्या माणसाला वाटतं. त्याने डहाणू-तलासरीचा इतिहास वाचावा. पावसाळ्यात खावटी उचलायची, सुगीला ती दामदुपटीने फेडायची, नाही फिटली तर आधी जमीन जायची आणि मग माणूस वेठीला जुंपला जायचा. १९४५ मध्ये गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या पुढारीपणाखाली वारली उठले ते या वेठीविरुद्धच. या पट्ट्यात जमीन कशी जाते, हे सरकारला १९७४ मध्ये नव्याने शिकवावं लागलं नाही.

मग तुमच्या बाकीच्या तीन बाजू कशा भरल्या? मला यात तीन तारखा एकमेकींना चिकटलेल्या दिसतात. १६ एप्रिल २०१३ ला विरारची लोकल डहाणू रोडपर्यंत आली. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा झाला. या दोन्ही सगळ्यांना पाठ आहेत. मधली कोणी सांगत नाही: फेब्रुवारी २०१४ मध्ये कूळकायद्याचं कलम ४३ सैल झालं. कुळाला मिळालेली जमीन विकायला पूर्वी जिल्हाधिकाऱ्यांकडे जावं लागे. आता कुळाला जमीन खरेदीचं, म्हणजे कलम ३२म चं, प्रमाणपत्र मिळून दहा वर्षं झाली असतील, तर शेतसाऱ्याच्या चाळीस पट नजराणा भरला की झालं. सारा पाच रुपये असेल तर नजराणा दोनशे रुपये! घेणारा शेतकरी हवा वगैरे अटी आहेत, पण मुख्य दार उघडलं. जेमतेम सोळा महिन्यांत रेल्वे, नजराणा आणि जिल्हा तिन्ही आले. मुंबईत भाड्याने घर परवडत नाही म्हणून इकडे येणारा चाकरमानी आणि जमीन मोकळी झालेलं कूळ एकाच वेळी समोरासमोर आले. पालघर-बोईसरचं रूप पालटण्याचं श्रेय सगळे लोकलला देतात. माझ्या मते निम्मं तरी या दोनशे रुपयांना द्यायला हवं.

कूळ आदिवासी असेल तर मात्र ४३ सुटूनही ३६अ सुटत नाही. तुमची चौथी बाजू तिथेच थांबली असणार.

समाजशास्त्रज्ञ रूथ ग्लास यांनी १९६४ मध्ये लंडनच्या कामगार वस्त्यांचं असंच रूप पालटणं नोंदवलं होतं. मध्यमवर्ग शिरला आणि मूळचे भाडेकरू बाहेर पडले. त्या भाडेकरूंच्या मागे असा रकाना नव्हता.

पण रकाना सगळं अडवत नाही. विक्रीखत होत नाही म्हणून साठेकरार आणि कुलमुखत्यारपत्र करतात. जमीन कागदावर आदिवासीच्याच नावे राहते, वर दुसऱ्याच कुणाच्या चाळी उभ्या राहतात. एमआयडीसीत ठेकेदाराकडे राबणारा कामगार नोटरीच्या कागदावर तिथली खोली घेतो. त्या कागदावर बँक कर्ज देत नाही. नकाशा मंजूर नाही, गल्लीत अग्निशमनाचा बंब वळत नाही, आणि पलीकडे रसायनांचे कारखाने. जमीनमालकाला थोडे पैसे मिळतात, खोलीवाल्याला डोक्यावर छप्पर मिळतं, मधला माणूस नफा घेऊन निघून जातो. सुरक्षिततेवर बोलताना आपण कॅमेरे आणि पोलीस चौक्या मोजतो. माझ्या लेखी पहिली मोजायची गोष्ट ही गल्ली आहे.

२०२५ मध्ये महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांनी आदिवासींना जमीन थेट खाजगी भाडेपट्ट्याने देता यावी असं जाहीर केलं, तेव्हा आदिवासी संघटनांनी विरोध केला. मी त्यांच्या बाजूचा आहे. भाडं वर्षाला मिळेल हे खरं, पण शेतावर एकदा सिमेंटचा कोबा पडला की मुदत संपल्यावर परत काय मिळणार? भात तर नक्कीच नाही.

किनाऱ्यावरच्या वाड्यांची गोष्ट वेगळी. वाडीमालक आदिवासी नसेल तर त्याला ३६अ लागू नाही, तिथे आडवा येतो तो किनारा नियमन क्षेत्राचा नियम. पानवेलींच्या शेजारी खोल्या बांधून पाहुणे ठेवणारा मालक आणि वाडीच विकून टाकणारा मालक यांतला फरक पुढच्या आठवड्यात, केळव्याबरोबर.

तोवर बाई, तुमच्या सोसायटीतलं कोणी ती चौथी बाजू पार्किंगसाठी ‘बोलून घेऊ’ म्हणत असेल, तर त्यांना महाभूलेख संकेतस्थळावर गट क्रमांक टाकून आधी तो रकाना वाचायला सांगा. नोंद असेल तर कुलमुखत्यारपत्राची गोष्ट काढणाऱ्याला तिथेच थांबवा. आणि तुमच्या शाळेतला एखादा पालक बोईसरात खोली घेत असेल, तर इसार देण्याआधी त्यालाही तेच सांगा.