बडनेऱ्याला उतरणारा माल

"आबाजी, शिंगरू लीद खाऊन राह्यलं!"

नात ओरडतच अंगणात आली. शेजाऱ्याकडे वरातीची घोडी आहे, यंदा तिला शिंगरू झालं. तेच आईच्या मागं उभं राहून ताजी लीद हुंगत हुंगत खात होतं. पोरीनं तोंड वाकडं केलं.

"खाऊ दे. काहून खाते ते सांगतो, पण आधी अकोल्याहून गाडीत बस."

घोडीचं पोट म्हणजे आपली नागपूरची रेल्वे समज. अकोला म्हणजे तोंड. नागपूर म्हणजे शेपटीखालचं शेवटचं स्टेशन, नागपूरच्या सोयऱ्यांनी राग मानू नये. मध्ये मूर्तिजापूर, मग बडनेरा, पुढं चांदूर, धामणगाव. आता अमरावतीला जायचं तर?

"बडनेऱ्याले उतरा लागते."

बरोबर. अमरावती म्हणजे घोडीचं अंग: रक्त, मांस, खूर, आयाळ. हे सगळं प्रथिनांवर उभं राहतं, आणि तो माल उतरतो एकाच जंक्शनवर, लहान आतड्यात. चांगलं 20-22 मीटर लांब असतं ते. त्याआधी जठरात आम्ल आणि पेप्सिन माल थोडा सैल करतात, पण खरे हमाल बडनेऱ्याचे. स्वादुपिंडातून ट्रिप्सिन येतं आणि प्रथिनांच्या लांब माळा तोडत सुटतं. शेवटी मणी मोकळे होतात, त्यांना अमिनो आम्लं म्हणतात. मणी सुटा झाला की आतड्याच्या भिंतीतून रक्तात.

"गाईचंही असंच?"

इथंच तर गंमत आहे. गाईचा कारखाना मूर्तिजापूरला. तिच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात अब्जावधी सूक्ष्म जंतू राहतात. ती कडबा ओरपते, निवांत रवंथ करते, जंतू त्या कडब्यावर पोसतात, वाढतात. मग ते जंतूच पुढं वाहत जातात आणि बडनेऱ्याला पचतात. म्हणजे गाय खाते कडबा, पण जंतूंच्या अंगातलं प्रथिनही तिलाच मिळतं. लबाड जनावर आहे ते, भोळं नाही.

घोडीकडेही कारखाना आहे, तसेच जंतू, तेच काम. पण तो धामणगावला! मोठ्या आतड्यात. त्याच्या तोंडाशी असलेलं आंधळं आतडंच 25-30 लिटरचं. कडब्याचा चोथा तिथं आंबतो, त्यातून निघणारी ताकद घोडीला मिळते, ते काही वाया जात नाही. पण जंतूंच्या अंगातलं प्रथिन? बडनेरा तर मागं गेलं. बाजार उठल्यावर माल पोचला. तो बहुतेक सगळा लिदीतून नागपूरला.

म्हणून घोडीला प्रथिन अकोल्यातूनच चढवावं लागतं. 1803 साली अडगावच्या रानात आणि पुढं गाविलगडाखाली फौजा भिडल्या, त्या काळच्या मोतद्दाराला ट्रिप्सिन ठाऊक असायचं कारण नव्हतं, पण तोबऱ्यात हरभऱ्याची चंदी भरायची, हे त्याला पक्कं माहीत होतं. आपण भाकरीसोबत वरण खातो तेच. ज्वारीत लायसीन नावाचा मणी कमी, हरभऱ्यात तो भरपूर. आणि घोडीला नेमका हाच मणी सगळ्यात आधी कमी पडतो.

हिशेब करून पाहू. 500 किलोच्या रिकाम्या घोडीला दिवसाला साधारण 630 ग्रॅम प्रथिन लागतं. ही आपली वरातीची घोडी धर 350 किलोची, म्हणजे 440 ग्रॅम. 7 किलो कडबा खाल्ला तर त्यात जेमतेम 280 ग्रॅम, त्यातलंही पुष्कळ चोथ्यात अडकून धामणगावला जातं. किलोभर हरभऱ्यात 200 ग्रॅमच्या आसपास असतं. पण ही झाली रिकाम्या घोडीची गोष्ट. पाजत्या घोडीला पहिल्या महिन्यात जवळपास अडीच पट लागतं. एवढं नुसत्या कडब्या-कुटारावर कुठून येणार?

"मंग सोयाबीन टाकू ना. घरात पोतं भरलं आहे!"

टाक, पण कच्चं नको. सोयाबीनमध्ये प्रथिन हरभऱ्याच्या दीडपटीहून जास्त, खरं आहे. पण कच्च्या दाण्यात ट्रिप्सिनचे हात बांधून ठेवणारा एक पदार्थ असतो. माल स्टेशनात आला आणि हमालच बांधलेले! नीट भाजलं की तो पदार्थ मोडतो. आणि पोतं रितं करायचं नाही. जास्तीचं प्रथिन साठत नाही. यकृत त्याचा युरिया करतं, घोडी पाणी पीत राहते, मुतत राहते आणि तबेल्यात डोळे चुरचुरतात.

"अन् शिंगरू?"

त्याचं धामणगाव अजून ओसाड आहे. जन्मताना तिथं जंतूंची वस्ती नसते. आईच्या लिदीतून त्याला पहिले रहिवासी मिळतात. सशाचं तर याहून पुढं. तो आपल्याच मऊ लेंड्या खातो, म्हणजे नागपूरला गेलेला माल पुन्हा अकोल्याला चढवून दुसऱ्या फेरीत बडनेऱ्याला उतरवून घेतो.

"मंग मोठी घोडी काहून नाही खात?"

खाते की कधीकधी. चाऱ्यात प्रथिन फारच कमी पडलं तर मोठी घोडीही लिदीला तोंड लावते.

पोरगी थोडा वेळ गप्प राहिली. मग कुंपणाशी जाऊन शेजाऱ्याला हाक मारली, "काका, इले आज चंदी देल्ली का?"