नृसिंहाच्या रांगेत अलंकार

परवा पोखर्णीला नृसिंहाच्या दर्शनाला गेलो. रांगेत दहावीतली भाची म्हणाली, "मामा, उपमा-उत्प्रेक्षेत माझा कायम घोळ होतो."

म्हटलं, एखादा पैलवान धर.

"पैलवान सिंहासारखा आहे." झाली उपमा. इथं दोघं वेगळे, फक्त सारखे.

"पैलवान म्हणजे जणू सिंहच." उत्प्रेक्षा. 'जणू', 'वाटे', 'भासे' या तिच्या खुणा.

"हा पैलवान आखाड्यातला सिंह आहे." रूपक. दोघं एकच झाले.

"त्यानं शड्डू ठोकला अन् परभणीपर्यंत जमीन हादरली." ही अतिशयोक्ती. आपल्या पारावर हिचाच खप जास्त!

"मग नृसिंह?"

पोरगी हुशार. तिथं तुलनाच नाही. देव खरोखर अर्धा नर, अर्धा सिंह. पण माणसाला 'पुरुषसिंह' म्हटलं, की अलंकार आला.

अडलेलं वाक्य खाली लिहा, मिळून ओळखू.