माळ्याची खोली आणि छपराचीं लांकडें

शहरांत जागेची टंचाई भासूं लागली कीं, कौलारू घराच्या मालकाचें लक्ष माळ्याकडे वळतें. भिंती उभ्याच आहेत, वर मंगलोरी कौलांचें छप्पर आहे. खालीं फळ्या ठोकल्या व एक खिडकी काढली कीं मुलांच्या अभ्यासास स्वतंत्र खोली झाली, असा हिशेब सहज मांडला जातो. अडचण एकच दिसते. भिंतींच्या माथ्याशीं आडवी गेलेली तुळई डोक्याला लागते. “एवढी कापून टाका” असें सुताराला सांगण्यांत येतें, आणि खरा धोका तेथेंच सुरू होतो.

ही तुळई काय काम करते? घडीची शिडी उभी केली म्हणजे तिचे दोन पाय एका दोरीनें बांधलेले असतात. दोरी तोडली तर पाय फांकतात व शिडी जमिनीवर बसते. छपराचे समोरासमोरचे वासे हे त्या शिडीचे पाय होत. कौलांच्या भारानें त्यांचीं खालचीं टोंकें बाहेर सरूं पाहतात, आणि तुळई त्यांना ओढून धरते. ती कापली कीं तो रेटा भिंतींवर येतो. मातींत बांधलेली जुनी भिंत तो सोसूं शकत नाहीं. ती हळूहळू बाहेर कलते व आढें खालीं येतें.

दुसरा प्रश्न भाराचा. शंभर चौरस फूट छपरास सुमारें १५० कौलें लागतात. एक कौल अडीच किलोंचें धरलें तरी हें ओझें ३७५ किलो होतें. उलट राहत्या खोलीच्या जमिनीवर दर चौरस मीटरला सुमारें २०० किलो भार धरावा, असें भारतीय मानकांत (आय. एस. ८७५, भाग २, १९८७) सांगितलें आहे, म्हणजे शंभर चौरस फुटांस साडेअठराशें किलो झाले. बरण्या व जुन्या पेट्या ठेवण्यासाठीं घातलेल्या माळ्यावर माणसांचा संसार मांडतां येत नाहीं. नव्या जमिनीला स्वतंत्र तुळया हव्यात. लांकूड दुप्पट रुंद केलें तर त्याचें बळ दुप्पट होतें. दुप्पट उंच केलें तर चौपट होतें. म्हणून तुळई उभ्या अंगानें बसवावी.

लांकूड मध्यें ठणठणीत दिसलें तरी भिंतींत शिरलेलें टोंक पाहिल्यावांचून निर्णय करूं नये. ओल व वाळवी यांचें घर बहुधा तेथेंच असतें. अरी टोंचली असतां ती सहज आंत गेली, किंवा हातोडीचा आवाज पोकळ आला, तर तें लांकूड बदललेंच पाहिजे.

बदलण्याचा क्रम असा. आधीं स्थापत्य अभियंत्याकडून हिशेब व नगरपालिकेची परवानगी घ्यावी. काम पावसाळ्याबाहेर करावें व खालच्या खोल्या रिकाम्या कराव्या. कौलें दोन्ही पाख्यांवरून सारखीं उतरवावीं. एकच पाखें मोकळें केलें तर छप्पर दुसरीकडे झुकतें. मग टेकू द्यावे. टेकूखालीं जाड फळी असावी, आणि खालच्या मजल्यांवर त्याच रेषेंत टेकू देऊन भार थेट जमिनीपर्यंत न्यावा. पाचर भार पेलण्यापुरतीच ठोकावी. छप्पर उचलूं पाहूं नये. एका वेळीं एकच लांकूड बदलावें. नवें शेजारीं बसवून बोल्टांनीं पक्कें केल्यावरच जुनें कापावें. शेवटीं पाचरा थोड्याथोड्या सैल कराव्या, व भिंतीला लावलेला ओळंबा ढळत नाहीं ना हें पाहावें.

डोक्याला लागणारी तुळई काढावयाचीच असेल, तर तिचें काम आधीं दुसऱ्याकडे सोंपविलें पाहिजे. ती वर सरकविली तर तिच्यावरचा ताण वाढतो व वासे वांकूं लागतात. त्याऐवजीं आढेंच भक्कम करून खांबांवर किंवा टोंकाच्या भिंतींवर टेकवितां येतें. वासे त्यावर पक्के बसले म्हणजे भिंतींना रेटा देत नाहींत. कोणता उपाय घ्यावा तें अभियंत्यानें ठरवावें. घरमालकानें मात्र एवढें पाहावें कीं, नवा आधार भार घेईपर्यंत जुन्या लांकडाला करवत लागूं नये.