जुन्या स्पोर्ट्स कारची उद्याची किंमत

स्पोर्ट्स कारच्या किमतीत दोन हिस्से असतात, वापराचा आणि हौसेचा. वापराचा हिस्सा शोरूममधून गाडी बाहेर पडल्यापासून घटत जातो. हौसेचा बरीच वर्षे दिसतच नाही. त्याच मॉडेलच्या बाकीच्या गाड्या भंगारात गेल्या आणि मोजक्याच उरल्या, की तो वर येतो; बहुतेक मॉडेलांच्या बाबतीत येतही नाही.

घसरणीचा भाग मोजायला सोपा आहे. विम्यासाठी गाडीचे मूल्य ठरवताना पहिल्या वर्षाअखेर 15 टक्के, दुसऱ्या वर्षाअखेर 20 आणि पाचव्या वर्षाअखेर 50 टक्के घट धरतात. त्यानंतर तक्ता संपतो आणि मूल्य विमा कंपनी व मालक आपसात ठरवतात. आठ वर्षांच्या एखाद्या गाडीला आज 10 लाखांची मागणी असेल आणि दरवर्षी 15 टक्के घट धरली, तर पाच वर्षांनी सुमारे 4 लाख 44 हजार येतील. 12 टक्के धरली तर सुमारे 5 लाख 28 हजार. अंदाज सांगताना असे दोन आकडे सांगावेत. एकच आकडा ठामपणे सांगणाऱ्या एजंटला बहुधा स्वतःचे कमिशन पक्के ठाऊक असते.

या हिशेबाला बाहेरूनही धक्के बसतात. 22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटीचे दर बदलले आणि अनेक नव्या गाड्या स्वस्त झाल्या. नवी स्वस्त झाली की जुनीचे गिऱ्हाईकही भाव पाडून मागते. शिवाय वरच्या उदाहरणातली गाडी तेव्हा 13 वर्षांची झालेली असेल. खासगी गाडीची पहिली नोंदणी 15 वर्षांची असते. पुढे फिटनेस तपासणी, नूतनीकरणाचे शुल्क आणि महाराष्ट्रात पर्यावरण कर लागतो. नवा मालक तो खर्च आधीच किमतीतून वजा करतो.

हौसेची किंमत कशी चढते, हे मराठवाड्यातल्या देगलूरसारख्या तालुक्याच्या गावी स्पोर्ट्स कारपेक्षा यामाहा आरएक्स 100 वरून लवकर कळते. ही 98 सीसीची टू-स्ट्रोक मोटारसायकल भारतात 1985 ते 1996 या काळात बनली. ती बंद झाली, पण एका पिढीच्या कानात तिचा आवाज राहिला. आज मूळ रंगातली, मूळ इंजिनाची, कागद साफ असलेली आरएक्स नव्या गाडीच्या तेव्हाच्या किमतीच्या कितीतरी पट मागते. महागाई वजा केली की त्यातला बराच नफा आटतो, हे मात्र विकणारा सांगत नाही.

केवळ दुर्मीळपणा पुरत नाही. गोव्यात वेर्णा येथे बनलेली सॅन स्टॉर्म ही 1998 मध्ये आलेली दोन आसनी गाडी. फायबरग्लासची बॉडी आणि रेनॉचे 1149 सीसी, सुमारे 60 अश्वशक्तीचे इंजिन. दिसायला स्पोर्ट्स, धावायला बेताची. ती आज क्वचितच दिसते, पण लहानपणी तिचे पोस्टर भिंतीवर लावणारेही थोडेच होते. 2012 च्या दिल्ली ऑटो एक्स्पोमध्ये मांडलेल्या डीसी अवंतीला इंजिन मधोमध होते आणि ताकद 250 अश्वशक्तीची. मात्र बनवणारी कंपनी अडचणीत आली की काच, दिवा किंवा बंपर कुठून आणायचा, हा प्रश्न उरतो. दोन्हींचे इंजिन रेनॉचे असल्याने त्याचे काही भाग जमवता येतात. बॉडीचा एखादा तुकडा मात्र हाताने घडवावा लागतो.

देगलूरमध्ये कागदांना जास्तच वजन आहे. एका बाजूला तेलंगणा, दुसऱ्या बाजूला कर्नाटक आणि दारावरून जाणारा हैदराबादचा महामार्ग. हैदराबादेत अशा गाड्या अधिक, त्यामुळे तिथली गाडी स्वस्त वाटते. पण ती इथे 12 महिन्यांहून जास्त ठेवायची तर नोंदणी महाराष्ट्रात करावी लागते: तिथल्या आरटीओची एनओसी, बँकेचा बोजा असल्यास तो उतरवल्याचा दाखला, इथे वयानुसार भरायचा कर आणि मग एमएच 26 क्रमांक. तिथल्या कराचा उरलेला हिस्सा परत मागता येतो, त्यासाठी वेगळी खटपट करावी लागते. परराज्याच्या पाटीवरच फिरणारी गाडी पुढे विकताना हा सगळा खर्च भावातून कापला जातो.

गाडी राखून ठेवण्याचा खर्चही अंदाजातून वजा करायचा असतो. उभ्या गाडीचे टायर कडक होतात, बॅटरी उतरते. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या व सील 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी बनवलेले नाहीत, म्हणून ते वेळोवेळी तपासावे व बदलावे लागतात. सर्व्हिसची बिले जपली तर मीटरवरच्या किलोमीटरला पुरावा मिळतो. आणि कायद्याने विंटेज ठरायला गाडी 50 वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात असावी लागते. त्यामुळे आज वीस वर्षांची गाडी विंटेजच्या आशेने ठेवणाऱ्याला आणखी तीस वर्षांचा विमा, शेड आणि मेकॅनिक यांचा खर्च धरावा लागेल.