पाचातला एक उठला की...

सुनील गावसकरांचे मेलबर्नमधले ते रागाने निघून जाणे माझ्या पिढीला अजून विसरता आलेले नाही. फेब्रुवारी १९८१. डेनिस लिलीच्या चेंडूवर पायचीत दिल्याचा त्यांना इतका संताप आला, की तंबूकडे निघताना त्यांनी जोडीदार चेतन चौहानलाही बरोबर घेतले. चौहानने सीमारेषा ओलांडली असती तर सामनाच सोडून दिल्यासारखे झाले असते. संघाचे व्यवस्थापक शाहिद दुर्राणी पुढे आले आणि त्यांनी चौहानला रेषेवरूनच मागे वळवले. पुढे ऑस्ट्रेलियाचा डाव ८३ धावांत आटोपला आणि भारताने तो सामना ५९ धावांनी जिंकला.

हे आठवण्याचे कारण माझा भाचा. तो छत्रपती संभाजीनगरला आमच्याकडे शिकायला आहे आणि अभ्यासातून उरलेल्या (त्याच्या मामीच्या मते, न उरलेल्या) वेळात संगणकावर ‘व्हॅलोरंट’ नावाचा खेळ खेळतो. पाच विरुद्ध पाच. साधारणपणे जो संघ आधी १३ फेऱ्या जिंकेल तो विजयी. सामना अर्धा-पाऊण तास चालतो. एकट्याने खेळायला बसले तर संघातले बाकीचे चौघे कोण, कुठले, हे ठाऊक नसते. जोड्या यंत्रच लावून देते. कानात आवाज येतात तेवढीच ओळख. या मैदानाला सीमारेषा नाही आणि तिथे उभे राहून अडवणारा व्यवस्थापकही नाही. बटण दाबले की माणूस गेला.

पाचातला एक गेला म्हणजे पाचवा हिस्सा बळ गेले, असा सरळ हिशेब मी मांडला तेव्हा भाचा हसला. प्रत्येकाचे काम वेगळे असते म्हणे. एक जण धुराचा पडदा टाकून शत्रूची नजर बंद करतो, एक मागची वाट राखतो, एक पुढे घुसतो. एका संघात एकच पात्र दोघांना घेता येत नाही. त्यामुळे धूरवाला उठला की पडदाच गेला, उरलेले चौघे उघड्यावर. राखायच्या जागा दोन किंवा तीन असतात, त्यांतली एक तरी आता ओस पडते, आणि समोरच्यांना ती सापडायला फारसा वेळ लागत नाही.

आपल्या कबड्डीतही सातांचे सहा होतात, तीन होतात. पण तो खेळ त्या हिशेबानेच रचलेला आहे. बाद झालेला गडी बाकावर बसलेला दिसतो आणि गुण मिळाला की परत आत येतो. प्रो कबड्डीत तर तीन किंवा त्याहून कमी गड्यांनी चढाईवाल्याला पकडले तर एक गुण जास्त. इथे गेलेला माणूस बाकावर नसतो, तो परत येईल की नाही हेही कळत नाही.

खरी पडझड मात्र माणसांत होते. जो गेला त्याला शिव्या ऐकू जात नाहीत, म्हणून राग उरलेल्यांवर निघतो. ‘आता काय उपयोग’ म्हणून एखादा हात ढिला सोडतो, दुसरा त्याच्यावर खेकसतो. बरे, वैतागून उठावे तर शिक्षा यांनाही. हरलेल्या सामन्यात वीस-पंचवीस मिनिटे बसून राहायचे आणि शेवटी क्रमवारीतले गुणही गमवायचे.

एका रविवारी आमचा भाचाच असा ‘गेला’. आमच्या शहरात कित्येक वर्षे नळाला रोज पाणी ही चैनच राहिली आहे. जायकवाडीचे धरण पैठणला, फार लांब नाही, पण घरच्या टाकीपर्यंत पाणी यायचे म्हणजे दिवस मोजायचे. त्यामुळे हिने ‘पाणी आलं रे!’ अशी हाक दिली की मोटार लावायला, पिंपे भरायला सगळ्यांनी उठायचे. ‘मामी, दहाच मिनिटं,’ तो म्हणाला. पाण्याला दहा मिनिटे कोण देतो? तो उठला. ओल्या पायांनी परतला तेव्हा सामना संपला होता आणि काही काळ नवा सामना खेळायला बंदी लागली होती. बंदीचे त्याला फारसे काही वाटले नाही. ‘मामा, ते चौघे माझ्यामुळे हरले असतील,’ एवढेच तो दोनदा म्हणाला.

चिडून उठलेला, वीज गेलेला आणि पाणी भरायला धावलेला, यंत्राला तिघे सारखेच. यावर उपाय म्हणून खेळवाले सवय मोजतात. ‘काउंटर स्ट्राइक’मध्ये सामना सोडल्यास आधी ३० मिनिटांची बंदी, पुन्हा सोडल्यास दोन तास, मग २४ तास, मग सात दिवस. मला हे न्याय्य वाटते. पाणी रोज सायंकाळी खेळाच्याच वेळी येत नाही, आमच्याकडे तर नाहीच. जो दर दोन दिवसांनी उठतो त्याला कारण विचारण्याची गरज उरत नाही. ‘व्हॅलोरंट’मध्ये एखादा गडी सुरुवातीपासूनच गैरहजर असेल तर बाकीच्यांना मत देऊन सामना रद्द करता येतो, हेही बरेच. मध्येच उठलेल्याच्या सोबत्यांना मात्र ती सोय नाही.

गेल्या आठवड्यात भाचा उरलेल्या चौघांत होता. सहाव्या फेरीला एक गडी चिडून निघून गेला. नेहमीप्रमाणे कुरबूर सुरू झाली. तेवढ्यात कुणा मुलीचा हिंदीतला आवाज आला, म्हणे मधली वाट मी बघते, तुम्ही दोन बाजू धरा. कोण, कुठली, काही पत्ता नाही. शेवटी ते हरले, १३ विरुद्ध १०. जेवायला बसल्यावर तो त्या दहा फेऱ्यांचे वर्णन एकेक करून सांगत होता आणि ही त्याला भाजी घे म्हणून तिसऱ्यांदा बजावत होती.