श्रम-तास व भार-तास यांतील तफावत

कारखान्यातील एखाद्या जॉबचा परिव्यय संगणकावर मांडला जातो तेव्हा त्याच्या खात्यात तासांचे दोन आकडे पडतात. एक आकडा कामगाराने दिलेल्या वेळेचा. दुसरा, वीज, घसारा, भाडे, देखरेख इत्यादी अप्रत्यक्ष खर्च ज्या तासांवर आकारला जातो त्यांचा. पहिल्यास श्रम-तास व दुसऱ्यास भार-तास म्हणू. हे दोन आकडे जुळले नाहीत की हिशेबनीस चूक झाली असे समजतो, आणि पुष्कळदा भार-तास बदलून श्रम-तासांइतके करून मोकळा होतो. ही दुरुस्ती मूळ दोषाहून अधिक घातक ठरू शकते.

अप्रत्यक्ष खर्च मजुरीच्या प्रमाणात न वाटता यंत्र चालल्याच्या वेळेवर वाटावा, हा विचार अलेक्झांडर हॅमिल्टन चर्च या अभियंत्याने १९०१ साली ‘इंजिनिअरिंग मॅगझिन’मधील लेखमालेत मांडला. तो मान्य केला म्हणजे दोन्ही आकडे सदैव समान असावेत हा आग्रह आपोआप गळून पडतो.

समजा, एक कामगार सकाळी ८ ते १२ दोन लेथ एकाच वेळी सांभाळतो व प्रत्येकीवर वेगळा जॉब आहे. त्याचे चार तास दोन जॉबांत दोन-दोन असे विभागले जातील, हे योग्यच. परंतु लेथ दोन आहेत व दोन्ही चार-चार तास चालल्या आहेत. म्हणून भार-तास आठ. भाराचा दर ताशी ३०० रुपये धरल्यास आकारणी २,४०० रुपये व्हावयास हवी. संगणकाने भारही विभागला तर ती १,२०० रुपयेच होते, जॉब स्वस्त पडल्याचा भास होतो आणि पुढील निविदा त्याच खोट्या आकड्यावर भरली जाते.

एपिकॉरसारख्या प्रणालीत भार विभागावा की नाही हे यंत्रसमूहागणिक ठरविता येते. मात्र विभागणी सर्वत्र बंद करणे हाही उपाय नव्हे. एकाच पत्र्यातून एकाच यंत्रावर दोन जॉबांचे तुकडे एकदम कापले जात असतील, तर विभागणीअभावी चार तास चाललेल्या यंत्राचे आठ तास लागतील. एका यंत्रावर दोन माणसे असली व प्रत्येकाच्या नोंदीबरोबर स्वतंत्र भार चढला, तरी परिणाम तोच.

तेव्हा तपासणी रुपयांपासून नव्हे, तासांपासून सुरू करावी. कामगाराचे दिवसाचे एकूण श्रम-तास त्याच्या हजेरीशी ताडावेत; यंत्राचे भार-तास ते प्रत्यक्ष किती वेळ चालले त्याच्याशी. श्रम व भार यांची परस्परांशी तुलना सर्वांत शेवटी. जेवणाच्या सुटीत कामगाराचा अर्धा तास वजा होतो, पण यंत्र चालूच असेल तर त्याचा होऊ नये. दीड तास ‘१.३०’ असा लिहिण्याची सवयही पाहावी: दशमान पद्धतीत त्याची अठ्ठ्याहत्तरच मिनिटे होतात आणि प्रत्येक नोंदीमागे बारा मिनिटे गळतात. ही गळती श्रम व भार दोन्हींत सारखीच असल्यामुळे त्यांची परस्पर तुलना करणाऱ्यास ती कधीच दिसत नाही.